मोहरीच्या डब्यातला तामडा

क्लर्कनवेल, लंडन
५ ऑक्टोबर १८६८

ती. एनॉक काका व ती. सौ. केझाया काकू यांस,
थर्झाचा शि. सा. न. वि. वि.

काकू, तुझा शहाजिऱ्याचा केक पोचला. टपालवाल्यांनी वाटेत त्याचा भुगा केला होता, पण घरमालकीणबाई आणि मी तो चमच्याने खाल्ला आणि दोघींनीही तक्रार केली नाही.

काका, पुढचं खुर्चीत नीट बसून वाचा. गेल्या मंगळवारी आमच्या दुकानात लेडी वेदरॉल आल्या. सध्या इथे जिच्याकडे पैसा आहे तिला दागिना थडग्यातून नुकता काढल्यासारखा हवा असतो, आणि आम्ही दिवसभर नव्या सोन्याला म्हातारं करत बसतो. पण या बाईंनी पिशवीतून काढलं ते खरंच थडग्यातलं होतं. रोमच्याही आधी इटलीत एट्रुस्कन नावाचे लोक राहत, त्यांचं एक कानातलं. बाईंच्या सासऱ्यांनी तरुणपणी आणलेलं. जोडीतलं दुसरं मातीतच राहिलं. नाताळानंतर मुलीचं लग्न आहे, तेव्हा त्याला जोड करून हवी आहे. आमचे मालक मि. पेनफोल्ड यांनी ते काम माझ्या टेबलावर ठेवलं, कारण दुकानात माझे डोळे सगळ्यांत तिखट आहेत.

मध्ये करंगळीच्या नखाएवढा लाल तामडा आहे. पैलू पाडलेले नाहीत, नुसता थेंबासारखा घोटलाय. तो सोन्याच्या वाटीत बसवलाय आणि वाटीभोवती सोन्याचे इवले गोल रवे आहेत. काका, तुमचे रवे! मी भिंग लावलं. त्यांच्यापुढे खसखस ढोबळ म्हणायची. माझ्या अंगठ्याच्या नखाच्या रुंदीत मी साठ मोजले. प्रत्येक रवा वेगळा, आपल्या पायावर उभा, शेजाऱ्याला जेमतेम टेकलेला. मध्ये सांधणाऱ्या डाखाचा टिपूसही नाही. मी भिंग दोनदा पुसलं, मग मला रडू आलं, आणि मि. पेनफोल्ड धावत आले, त्यांना वाटलं मी काहीतरी मोडलं.

तुम्ही इतकी वर्षं सांगत आलात की माणसाच्या हाताने हे झालंय, आणि सगळे तुम्हाला हसले. झालंय, काका. मी पाहिलं.

डोळे कसे आहेत ते खरं खरं लिहा. लोभ आहेच, त्याला पोचा येऊ देऊ नका.
तुमची,
थर्झा

हॉकली, बर्मिंगहॅम
११ ऑक्टोबर १८६८

चि. थर्झा हिस,
अनेक आशीर्वाद. अक्षर मोठं दिसेल. शाई स्वस्त झाली आहे असं समज.

तुझं पत्र केझायाने मला तीन वेळा वाचून दाखवलं. चौथ्यांदा मागितलं तेव्हा म्हणाली की आता मी ते पाठ म्हणते, तुम्ही जेवायला चला.

तुला मी गोष्ट अर्धीच सांगितली आहे. मी चोवीस वर्षांचा असताना माझ्या वस्तादांकडे असाच रवे बसवलेला एक केसांचा काटा दुरुस्तीला आला होता. मला तो चहाचा पेला संपेपर्यंतच बघायला मिळाला. त्याच आठवड्यात मी मजुरीतून एक तामडा घेतला, अंगठीचं वळं घडवलं, वर वाटी चढवली, आणि केझायाला सांगितलं की हिच्याभोवती तसे रवे बसवून तुला घालीन. लग्नात साधं वळं घातलं ते तात्पुरतं म्हणून. त्या तात्पुरत्याला एक्केचाळीस वर्षं झाली. तामडा आणि वळं स्वयंपाकघरात मोहरीच्या डब्यात आहेत, आणि दर नाताळाला ती पाहुण्यांना डबा उघडून दाखवते की ही पाहा माझी अंगठी, अजून शिजते आहे.

डाख किसून घातला, पिठासारखा कुटून घातला, डिंकात कालवून घातला. दर वेळी तो वितळला की रव्यांमधल्या फटी भरून टाकतो, आणि उरतं ते चिखलात रुतलेल्या वाटाण्यांसारखं.

डोळ्यांचं विचारलंस. दोन्हींत मोतीबिंदू आहे. डॉक्टर म्हणतात वसंतापर्यंत उजेड आणि अंधार तेवढा कळेल. सुई घालून काढतात म्हणे, पण शेजारच्या बिडलने काढून घेतला आणि डोळाच गमावला, तेव्हा ते राहू दे.

माझं एकच मागणं आहे. दिसतंय तोवर ती अंगठी तिच्या बोटात बघायची आहे. तू ते कानातलं उलटं कर, आडवं कर, त्याला हवं ते विचार, आणि मला कळव.

आशीर्वाद पुरून उरतील इतके आहेत, जपून वापर.
तुझा,
एनॉक काका

लंडन
१५ नोव्हेंबर १८६८

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

सहा आठवडे झाले, आणि मी आतापर्यंत अकरा तुकडे वितळवून टाकले आहेत. दोनदा रवेच वितळून त्यांचं डबकं झालं. एकदा सगळे छान उभे राहिले, मी आनंदाने फुंकर मारली, आणि सगळे उडून मांडीवर कीस झेलायला पसरलेल्या कातड्यात पडले.

मि. पेनफोल्ड म्हणतात की झालं तेवढं पुरे, डाखाने जोडून टाक, लग्नाच्या गर्दीत नवरीच्या कानाला भिंग कोण लावणार आहे. मी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंतची मुदत मागून घेतली आहे.

काल मी ते कानातलं उलटून पाहिलं. काका, मागच्या बाजूलाही रवे आहेत! जी बाजू मानेला लागणार, जी कोणालाही दिसणार नाही, तिथेही तीन ओळी, तितक्याच नेटक्या. आणि तिसऱ्या ओळीत शेवटून चौथा रवा जरासा वाकडा बसलाय. मला इतकं बरं वाटलं! अडीच हजार वर्षांपूर्वी कोणाचा तरी हात तिथे दमला होता. मी त्या एका रव्याकडे अर्धा तास बघत बसले आणि त्याच्याशी बोललेसुद्धा, ते काय ते इथे लिहीत नाही.

तुमच्या मागच्या पत्रातल्या ओळी चढणीला लागल्यासारख्या वर गेल्या होत्या. शाई स्वस्त झाली तर रेघाही वाकड्या होतात का? काकूला माझा नमस्कार. तुमची माया कमी पडू देऊ नका, इथे थंडी फार आहे.
तुमची,
थर्झा

हॉकली
२२ नोव्हेंबर १८६८

चि. थर्झा हिस,
काकूचे आशीर्वाद.

हे पत्र मी तुझ्या काकांना न सांगता लिहिते आहे. ते बिडलकडे बसलेत, दोघे मिळून डॉक्टरांना नावं ठेवताहेत.

वसंत वगैरे काही खरं नाही गं. परवा त्यांनी चहा पेल्याशेजारी ओतला आणि मला म्हणाले की टेबल सरकवलंस का. मी म्हटलं, हो, सरकवलं. चूल पेटली आहे की विझली आहे एवढं कळतं, माणूस आलं तर सावली कळते. पण चेहरा आवाजावरून ओळखतात. कामाच्या बाकावर बसणं बंद झालं. सकाळी कातडं मांडीवर घेतात, हत्यारांवरून हात फिरवतात, आणि परत जागेवर ठेवतात.

गुरुवारी म्हणाले की केझाया, तो तामडा विकून टाक, चार पैसे येतील, मी तुला एक्केचाळीस वर्षं फसवलं. मी म्हटलं, फसवलंत तर फसवलंत, आता उरलेली वर्षंही फसवा. मग मी स्वयंपाकघरात जाऊन खूप रडले, आणि तामडा मोहरीच्या डब्यातून काढून पिठाच्या डब्यात लपवला.

मला अंगठी नको, थर्झा. मला अंगठी कधीच इतकी नको होती. पण त्यांनी हात टेकले तर ते खुर्चीतून उठणार नाहीत, हे मी त्यांना ओळखते म्हणून सांगते. तुला काही सापडणार असेल तर लवकर सापडू दे.

पायमोजे पाठवते आहे. पत्र चुलीत टाक. माझ्यावरचा लोभ मात्र टाकू नकोस.
तुझी,
काकू

लंडन
६ डिसेंबर १८६८

ती. काका आणि काकू यांस,
सा. न. वि. वि.

काका, तुम्ही आता मला ओरडणार आहात. ओरडून घ्या आणि मग पुढचं ऐका.

मंगळवारी माझे नवे रवे करून झाले. दोन दिवसांचं काम. ते धुवायला दुकानातल्या जुन्या तेजाबात टाकले. तेच ते, वर्षभराच्या कामातलं तांबं उतरून निळंहिरवं झालेलं. डोळ्यांवर झोप होती, आणि मी तांब्याच्या चिमट्याऐवजी लोखंडी चिमट्याने ते ढवळले. हो काका. लोखंड, तेजाबात. मी, तुमच्या हाताखाली शिकलेली! बघता बघता सगळे सोन्याचे रवे लाल झाले, अंगावर तांबं चढलं. चौदा वर्षांची असताना मी हेच केलं होतं आणि तुम्ही शनिवारची अख्खी दुपार मला वाळूने ते घासायला लावले होते, आठवतं?

घासायला वेळ नव्हता. म्हटलं हे वाया गेलेच आहेत, तर निदान नवा डिंक रवे धरतो की नाही ते यांच्यावर पाहू. पत्र्याच्या एका तुकड्यावर सात लाल रवे डिंकाने बसवले. वाया जाणाऱ्या कामात डाख कशाला घालायचा, म्हणून घातलाच नाही. फुंकणीने दिव्याची ज्योत त्यांच्यावर धरली. डिंक काळा पडला, पत्रा लाल झाला, आणि एकदम, काका, एक लकाकी सगळ्यांवरून सरकत गेली. मी घाबरून ज्योत काढली.

थंड झाल्यावर ब्रशने झटकले. हलेनात. सुरीच्या टोकाने ढकलले. हलेनात. मग मी पत्राच चिमट्याने वाकवला, आणि पत्रा वाकला तसे तेही आपल्या जागेवर उभे राहून वाकले. भिंगातून पाहिलं तर प्रत्येक रवा वेगळा. फटी मोकळ्या. लाल रंग गेलेला, नुसतं सोनं.

मी जमिनीवर बसले. मला वाटत होतं की मागे कोणीतरी उभं राहून म्हणतंय, एवढंच होतं बाई, एवढा वेळ का लावलास.

पुन्हा तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा झालं. तो सात रव्यांचा पहिला तुकडा काड्यांच्या पेटीत घालून सोबत पाठवते आहे. माया असू द्या, आणि झालाच असेल तर राग आता सोडा.
तुमची अपराधी,
थर्झा

हॉकली
१० डिसेंबर १८६८

चि. थर्झा हिस,
अनेक आशीर्वाद.

सांगतो आहे मी, लिहिते आहे केझाया. (आणि मला वाटेल ते मी मध्ये घालणार आहे, हे मी त्यांना सांगितलंय. – काकू)

लोखंडाचं ऐकताच मी ओरडलो. (बिडल भिंतीपलीकडून विचारायला आला. – काकू) मग पेटी उघडली. डोळ्यांना काही दिसेना, तेव्हा तुकडा जिभेच्या टोकावर ठेवला. सोनाराची जीभ बोटापेक्षा शहाणी असते. मोजले. सात. सातही वेगळे, प्रत्येकाभोवती जीभ फिरते. पुन्हा मोजले.

(मी विचारलं काय झालं, तर हात वर केला, थांब म्हणून. चॅपेलात प्रार्थनेच्या वेळी करतात तसा. – काकू)

असं असणार, पोरी: तांब्याचं कातडं अगदी पातळ, सोन्यात मिसळलं की नुसत्या सोन्याच्या आधी वितळतं, आणि जिथे रवा टेकला आहे तेवढ्याच ठिकाणी धरतं. पसरायला उरतच नाही. त्या लोकांनी हेच केलं की आणखी काही, ते देव जाणे. पण आता ऐक. लग्नानंतर चौथ्या वर्षी माझेही रवे असेच लाल झाले होते. त्यानंतरही पाच-सहा वेळा. दर वेळी मी स्वतःवर चिडलो, आणि मळ म्हणून घासून, चकचकीत करून, मगच डाख लावला. माझ्याकडे आपण होऊन आलं होतं, थर्झा, आणि मी ते वाळूने घासून काढलं. तुलाही घासायला लावलं.

यावर हसावं की काय करावं कळत नाही. (हसले. मग दुसरं केलं. – काकू)

आता माझ्याच्याने होणार नाही. चूल पेटलेली तेवढी दिसते. तामडा आणि वळं तुझ्याकडे पाठवतो. अंगठी तूच कर. केझाया म्हणते तामडा पिठात आहे, तो तिथे कसा गेला ते मी विचारत नाही.

तुझा, आणि तुझ्यापुढे टोपी काढून उभा असलेला,
एनॉक काका

लंडन
२० डिसेंबर १८६८

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तामडा पाठवू नका. पाठवलात तर मी परत पाठवीन आणि टपालाचा खर्च तुम्हाला पडेल.

लेडी वेदरॉल काल येऊन गेल्या. मी जुनं आणि नवं शेजारी शेजारी मखमलीवर ठेवलं. त्यांनी हातमोजे काढले आणि दोन्ही तळहातांवर एकेक घेऊन खिडकीपाशी उभ्या राहिल्या. निघताना मला खाली वाकून नमस्कार केला, आणि मि. पेनफोल्डना केला नाही. ते अजून फुगलेत.

तर माझं डोकं असं चालतं: रवे मांडायला डोळे लागतात. पण ज्योत कधी काढायची हे ज्या लकाकीवरून कळतं, ती लकाकी अंधाऱ्या खोलीत दिव्यासारखी दिसते. ज्याला चूल पेटलेली दिसते त्याला ती दिसेल. ज्योत धरायला तुमच्यासारखा हात माझा नाही, कधी होणारही नाही. आणि मांडायला तुमच्या घरात अशी एक बाई आहे जी लग्नाआधी बर्मिंगहॅमच्या कारखान्यात लाकडी तबकांवर दोन केसांच्या ब्रशने गुलाबाच्या पाकळ्या रंगवत होती. एक्केचाळीस वर्षांत तुम्ही तिला एकदाही बाकावर बसवलं नाहीत. आता बसवा.

चिमटा तांब्याचा की लोखंडाचा ते मात्र या वेळी नीट बघा: लोखंडाचाच घ्या!

नाताळाच्या शुभेच्छा. हट्ट केला म्हणून प्रेम आटू देऊ नका.
तुमची,
थर्झा

हॉकली
शनिवार, १६ जानेवारी १८६९

चि. थर्झा हिस,
काकू-काकांचे अनेक आशीर्वाद, दोघांच्या वतीने माझ्याच हातचे.

रवे त्यांनीच केले. सोन्याचा कीस कोळशाच्या भुकटीत घालून मूस तापवणं त्यांना झोपेतही येतं. तेजाबात लोखंडी चिमटा घालताना मात्र तो दोनदा मागे घेतला. म्हणाले, केझाया, हे पाप करायला मला पन्नास वर्षं कोणी लावलं नव्हतं.

मग माझी पाळी. एकावर एक दोन चष्मे, वर भिंग, आणि ब्रश ओठांत ओला करत मी बसले. वाटीभोवती चौतीस रवे, त्यांना अडीच दिवस. एकदा शिंक आली आणि अकरा गेले. तुझे काका शेजारी बसून विचारत, आता कितवा, सरळ आहे का, हात टेकव, घाई करू नकोस. मी म्हटलं, घाई कोणाला आहे, मी वाट बघण्यात तरबेज आहे.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता मी माझा काळा परकर खिडकीला ठोकून खोली अंधारी केली. बिडलीणबाई विचारायला आल्या की कोण गेलं. त्यांना घालवून दार लावलं. काकांनी फुंकणी तोंडात धरली. मी त्यांच्या मागे खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी. वळं काळं झालं, मग अंधारात हळूहळू लाल दिसायला लागलं. त्यांचा चेहरा मला त्या उजेडात दिसत होता. चोवीस वर्षांचा दिसत होता गं.

आणि लकाकी आली. मला दिसली, मी ओरडणार होते, पण त्याआधीच त्यांनी ज्योत बाजूला घेतली होती. त्यांना दिसली, थर्झा. माझ्या आधी दिसली.

थंड झाल्यावर त्यांनी जीभ लावली. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, मला बघवेना. मोजून म्हणाले, चौतीस. मग म्हणाले, एक जरासा वाकडा आहे. मी म्हटलं तो शिंकेनंतरचा. म्हणाले, असू दे, थर्झाच्या त्या माणसाचाही एक वाकडाच आहे.

तामडा त्यांनी एकट्याने बसवला. वाटीचा काठ दगडावर अंगठ्याने चाचपत दाबत आणला, त्याला डोळे लागत नाहीत. आज दुपारी माझा हात मागितला. वळं वीस वर्षांच्या पोरीच्या मापाचं होतं आणि माझी पेरं आता आल्याच्या कांडीसारखी झाली आहेत, तेव्हा अंगठीच्या बोटात जाईना. करंगळीत गेली. ते माझा हात खिडकीशी धरून उभे राहिले. त्यांना काहीही दिसत नव्हतं. विचारलं, लाल दिसतो का? मी हो म्हटलं. विचारलं, कशी दिसते गं? मी त्यांचं बोट धरून त्या रव्यांवरून फिरवलं. तेवढ्याने त्यांना कळलं.

मोहरीच्या डब्यात आता मोहरी भरली आहे. बरं वाटलं नाही, पण सवय होईल.

तू ईस्टरला ये. आमचा लोभ आता तुला अंगठीएवढा घट्ट आहे, काढता येणार नाही. हे पत्र तुला मिळेल तेव्हा रविवार होऊन गेला असेल. इथे पंपाचं पाणी गोठलंय आणि सकाळपासून बर्फ पडतोय. तरी उद्या मी चॅपेलात हातमोजे घालणार नाही.

तुझी,
केझाया काकू